ओठावर उतलेला ताप

औषधांच्या दुकानात ती शिरली तीच नाकापर्यंत रुमाल बांधून. काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली, आणि ती बघतच राहिली... त्याच्याही ओठाच्या कडेला बारीक फोडांचा घोस! आणि गडी खुशाल हसत होता.

"ओठावर ताप उतलाय ना?"

"कसं ओळखलंत?"

"चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

ती हसली, तसा ओठ ठणकला. "आई म्हणते उष्णता आहे. पण दर परीक्षेच्या आठवड्यात नेमका कसा उगवतो मेला?"

ती कर्णबधिर मुलांना शिकवायची. मुलं तिचे ओठ वाचत. लाजेपायी तिने तीन दिवस रजा काढली होती.

"तो जातच नाही हो," तो म्हणाला. "विषाणू आहे. लहानपणी कुणीतरी लाडाने पापा घेतला असेल, तेव्हा आला. फोड सुकले की मज्जातंतूत जाऊन झोपतो. ताप, कडक ऊन, जागरण, काळजी... आपण थकलो की हा उठतो. तुमची चूक नाही त्यात."

इतकी वर्षं हे कुणीच तिला सांगितलं नव्हतं.

"ओठ चुरचुरला की लगेच हे मलम लावा, फोडांची वाट बघू नका. डोळ्यांना हात नको. बरं होईपर्यंत कप वेगळा, पापे बंद."

"आणि वर्गात?"

"रुमाल सोडा की! नुसतं बोलून कुणाला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी ती उघड्या ओठांनी वर्गात उभी राहिली. एका चिमुरडीने बोट दाखवून खुणेने विचारलं, तिने खरं ते सांगितलं, आणि मुलांनी निवांत वह्या उघडल्या. हे दुकानात जाऊन त्याला सांगायलाच हवं होतं... मग सांगण्यासारखं रोजच काहीतरी निघू लागलं.

दोन महिन्यांनी त्याच्या ओठावर पुन्हा ताप उतला. नेमकी त्याच दिवशी त्याची बहीण बारा दिवसांचं बाळ घेऊन दुकानात आली. "मामा, घे ना पापा!"

तो दोन पावलं मागे सरला. "नको. एवढ्याशा जिवाच्या जिवावर बेतेल."

"काहीतरीच तुझं!" बहीण रुसली. गिऱ्हाइकं हसली. तो मात्र लांबूनच बाळाकडे बघत राहिला, डोळ्यांत सगळी माया घेऊन. ती कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. एवढा हळवा माणूस, आणि एवढा ठाम!

दुकान रिकामं झालं, तशी ती पुढे आली.

"तुम्ही मला आवडता."

हातातली बाटली त्याने चुकीच्या फळीवर ठेवली. "मलाही तुम्ही... पहिल्या दिवसापासून. पण—"

"पण काय?"

"जवळ यायला... आठ-दहा दिवस तरी—"

"थांबेन," ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

तो लगबगीने मागे गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. साबणाने खसखसून धुतलेले, अजून ओलेच हात घेऊन तो परतला, आणि तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.