सहाही वायरी हातात

दुपारी चारच्या सुमाराला गॅरेजच्या फोरमनबाईने हात पुसले आणि मागच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, चहा इथेच आण गं. आज ती गाडी सुरू करतेय."

आई कप घेऊन आली, पण गॅरेजच्या दारातच थांबली. तीन वर्षं तिने या जुन्या गाडीचं तोंड पाहिलं नव्हतं. हिच्याच बॉनेटखाली वाकलेले असताना फोरमनबाईचे बाबा गेले. छातीत कळ आली, पाना सुटला, खेळ खलास. पुढे दुसऱ्या गॅरेजात दोन मिस्त्रींनी ते इंजिन उघडलं. बॅटरी काढून ठेवलेली असताना पंखा फिरला आणि एकाची दोन बोटं गेली. दुसरा हत्यारं तिथेच टाकून जो गेला तो फिरकला नाही. सहा सिलिंडरचं ते धूड माणूस मागतं, अशी बोलवा झाली. गाडीचे मालक, एक म्हातारे दंतवैद्य, ती भंगारात द्यायला निघाले, तेव्हा फोरमनबाई स्वतः जाऊन ती ओढून घेऊन आली.

"इंजिन तेल मागतं, पाणी मागतं," ती म्हणाली होती. "माणूस मागत असेल, तर मी त्याला कडू लागेन."

दोन महिने ती त्याच्याशी झोंबली. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, पिस्टनना नव्या रिंगा घातल्या. ठिणगी दर वेळी नेमकी पडावी म्हणून जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं. रोज सकाळी पिस्टन आदल्या संध्याकाळच्या जागी नसायचे, कुणीतरी रात्रभर इंजिन फिरवत बसल्यासारखं. ती एक शिवी हासडायची आणि पुन्हा कामाला लागायची.

आता तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. आवाज लोण्यासारखा.

"झालं ना? बंद कर," आई दारातून म्हणाली.

"थांब. एकेक सिलिंडर तपासते."

चालू इंजिनातल्या एका प्लगची वायर काढली, की तेवढा सिलिंडर विझतो आणि आवाज लंगडतो. तिने रबरी हातमोजे चढवून पहिली वायर उपटली.

आवाज लंगडला नाही.

दुसरी काढली. तिसरी. इंजिन आपलं शांत घुमतच होतं. पेट्रोलचा वास विरून ओल्या, बंद खोलीचा वास गॅरेजभर पसरला. सहाही वायरी तिच्या हातात आल्या. तिने किल्ली काढून खिशात घातली, पेट्रोलचा पुरवठा तोडला, बॅटरीची तार सोडली.

इंजिन चालूच होतं. उलट वेग वाढत होता. पंख्याची हवा तिचे मोकळे केस आत ओढू लागली.

"बाहेर ये..." आईने दारातून हाक मारली. "ऐकतेस ना... ये बाहेर..."

फोरमनबाई मागे सरली. पण दाराकडे वळता वळता तिला बाबांची वाकलेली पाठ आठवली आणि डोक्यात तिडीक गेली. हातमोजा फेकून तिने उघडा तळवा सरळ हेडवर ठेवला. चटका बसायला हवा होता. लोखंड बर्फासारखं गार होतं.

"तुला उघडलं मी, जोडलं मी," ती दातओठ खात म्हणाली. "माझ्या हुकमाशिवाय चालायचं नाही."

गारवा कोपरापर्यंत चढला, खांद्यापर्यंत... मग छातीत कळ आली. तिचं कंबरडं वाकू लागलं.

"नाही वाकणार." तिने पाठ ताठ केली. "बंद हो!"

इंजिनाने एक आचका दिला. दुसरा. आणि ते थांबलं.

आई कप टाकून धावत आत आली, लेकीच्या खांद्याला धरून म्हणाली, "सोड गं आता..."

"आता सोडते," ती म्हणाली.

गाडी आता पुन्हा दंतवैद्य चालवतात, कसलीही कुरकुर नाही. परत देण्यापूर्वी मात्र फोरमनबाईने सहाही प्लग उघडून पाहिले. पाच कोरे करकरीत, ठिणगी कधी पडलीच नसावी तसे. सहाव्याच्या टोकावर दव होतं, आरशावर कुणी श्वास सोडावा तसं. तिने ते पुसलं. पुन्हा आलं.

तिथे नवा प्लग घालून हा जुना तिने आपल्या कामाच्या टेबलावर, नजरेसमोर ठेवलाय. फेकून दे म्हणून आई मागे लागते, ती ऐकत नाही. टोकावर दव धरतं, सुकतं. पुन्हा धरतं, पुन्हा सुकतं. संथ, झोपलेल्या माणसाच्या लयीत.