अकरा पटाश्या

दोन कानांचा कप. लहान मुलांना देतात तसा.

माणसाएवढी लाकडी बाई. एक डोळा रंगवलेला, दुसरा कोरा.

खिडकीपाशी बाक: लाकूड कोरायच्या अकरा पटाश्या, मुठी बसणाऱ्याकडे, धारा भिंतीकडे. दारापाशी बाक: नऊ पटाश्या, धारा बसणाऱ्याकडे.

रक्ताळलेला लाकडी हातोडा.

खिडकीपाशी म्हातारा बसे. परदेशातून आलेला, चाळीस वर्षं लाकडातून माणसं काढणारा, रंगवणारा. काल तो तिथेच मेलेला सापडला. दारापाशी त्याचा शिष्य बसे. हातोडा शिष्याचा, म्हणून शिष्य कोठडीत.

"सरळ प्रकरण आहे, वहिनी," भावजी म्हणाले.

"तुम्हाला सगळंच सरळ दिसतं. चष्मा बदला."

वहिनी खासगी तपास करत. दीर सोबत पिशवी धरत. त्यांना बोलावलं होतं म्हाताऱ्याच्या मुलीने. कारखान्याच्या किल्ल्या तिघांकडे: ती, तिचा नवरा, शिष्य.

"तो मला भावासारखा आहे," मुलगी म्हणाली. "त्याला फाशी झाली तर माझं माहेरच संपलं."

"तू आत गेली होतीस?"

"नाही. पाय उचलत नाही. सहाव्या वर्षापासून बाबांची हत्यारं मी पुसायची. उलटी ठेवली की टपली!"

कोठडीत शिष्य म्हणाला, "पाच वर्षं कोरतोय मी. ते फक्त रंगवायचे, मनगट काठीवर टेकवून. परवा म्हणाले, या बाईखाली तुझं नाव घाल. जावईबापूंना मी सांगतो."

जावई मूर्तींचा व्यापारी. "थापा! सासरे शेवटपर्यंत स्वतः कोरत होते. हात दगडासारखा स्थिर."

संध्याकाळी वहिनींनी नवराबायकोला कारखान्यात बोलावलं.

"स्थिर हाताला दोन कानांचा कप लागत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे शिष्य खरं बोलला. मग म्हाताऱ्याच्या बाकावर पटाश्या कुणी मांडल्या? ताई, एकदा बघ."

मुलीने पाहिलं. हात आपोआप पुढे झाला. एकेक पटाशी ती फिरवू लागली.

"मुठी सगळ्या सारख्या," ती पुटपुटली. "कोरणारा धार बघून उचलतो. धार आपल्याकडे हवी."

"तुला हे ठाऊक, शिष्यालाही. तिसऱ्या किल्लीवाल्याला नाही. त्याने आयुष्यभर मूर्ती विकल्या, पटाशी कधी धरली नाही. शिष्याचं नाव लागलं असतं, तर त्याचं काम सासऱ्याच्या नावाने विकण्याची पाच वर्षांची लबाडी उघडी पडली असती. रागात हातोडा चालला. मग, मरताना म्हातारा कोरत होता असं दिसावं म्हणून त्याची पेटीत पडून असलेली जुनी हत्यारं बाहेर आली."

"एवढ्यावरून?" जावई हसला. बायकोकडे पाहिलं आणि हसू विझलं. "मी... मी फक्त म्हणालो, नाव नका घालू. ते ऐकेनात."

मुलीने उरलेली पटाशी फिरवली. ती रडली नाही. भावजींनी दार उघडून शिपायाला आत घेतलं.

म्हातारा या देशात उतरला त्या दिवशी, हातात पटाश्यांची पेटी असूनही, बंदरावरच्या कारकुनाने त्याच्या कागदावर धंदा लिहिला होता: मजूर.