संप मिटेपर्यंत

चंदूच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं ते माझ्यामुळे, आणि तेव्हा आमची साधी ओळखही नव्हती.

कॉलेजच्या लायब्ररीत मर्कंटाइल लॉचं एक जाडजूड पुस्तक होतं. प्रत एकच. ती मी काउंटरवर परत केली, मागे उभ्या असलेल्या मुलानं लगेच उचलली, तिथल्या तिथे उघडली, चार पानं चाळली, चष्मा वर करून डोळा चोळला... आणि मग दुसराही.

"काय आहे या पुस्तकात?" डोळे घट्ट मिटून तो म्हणाला.

"कायदा," मी म्हटलं.

"एवढा झोंबतो?"

मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून आई लालबागच्या मसाला गल्लीतून मिरच्यांची पोती घरी आणायची. देठ खुडून परत द्यायच्या. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत उशीला मिरची, फणीला मिरची. मी एका हातानं देठ खुडत दुसऱ्या हातानं पान उलटायची. करार कायद्याच्या प्रकरणावर सगळ्यात जास्त तिखट सांडलं असणार, कारण इंग्रजीतलं ते प्रकरण मला सगळ्यात जास्त वेळा वाचावं लागलं होतं.

शर्टाची बाही धरून मी त्याला नळापाशी नेलं. "चोळू नका. नुसतं पाणी मारा."

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मिरचीवाली."

तो ओंजळीत तोंड घालूनच हसला. "मी वरळी कोळीवाड्याचा. म्हणजे निम्मं कालवण इथेच झालं."

त्याचे डोळे टोमॅटोसारखे लाल झाले होते. तरी त्यानं मान वर केली तेव्हा मला वाटलं... जाऊ दे. काय वाटलं ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पुस्तक एक आणि नापास व्हायची भीती दोघांना. आधी एक आठवडा तो, एक आठवडा मी असं ठरलं. मग कळलं की एकत्र वाचलं तर वेळ वाचतो. सकाळचं कॉलेज सुटलं की जिन्याच्या वळणावर आम्ही बसायचो. तो वाचायचा, मी समजावायची. दोघंही म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतले. एकेक वाक्य एवढं लांब की शेवटापर्यंत पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायचं. पण त्यातली उदाहरणं मजेची होती.

"हे ऐक," एकदा चंदू म्हणाला. तोवर तुम्हीचं तू झालं होतं. "बीनं सीशी लग्न केलं तर ए त्याला पैसे देणार. पण सीनं डीशी लग्न केलं. हा डी कोण मध्येच?"

"कायद्यात नेहमी एक डी असतो."

"तुझ्याकडे आहे?"

"अभ्यास कर."

"नाही, म्हणजे परीक्षेला विचारलं तर..."

मी पुस्तक मिटलं. दिवसभर मात्र माझं मलाच हसू येत राहिलं. आईनं विचारलंसुद्धा, मिरच्या खुडताना हसतं का कोणी.

डी नव्हताच कोणी. पण एक शब्द होता, माझा बाबांना दिलेला.

बाबा, सीताराम राणे, गिरणीच्या साचेखात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचे. संपाच्या पहिल्या महिन्यात गावाकडून माझ्यासाठी स्थळ आलं. लग्नाचं सगळं आम्ही बघतो, फक्त मुलगी द्या, असा निरोप. बाबांना तो उपकार वाटला, आणि उपकार त्यांना नको होता. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "मंजू, संप मिटेपर्यंत या घरात कुणाचा मांडव पडायचा नाही. मिटला की मी वाजतगाजत करीन. दे शब्द." मला शिकायचंच होतं. मी आनंदानं त्यांच्या हातावर हात ठेवला. चाळीत सगळे म्हणत होते, दोन-तीन महिन्यांत मिटेल.

दोन दिवाळ्या झाल्या. काही गिरण्यांत थोडी माणसं आत गेली. बऱ्याच जणांनी गाव गाठलं. बाबा ना आत गेले, ना गावी. रोज पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ते गिरणीच्या गेटसमोर जाऊन उभे राहायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "संप चालू आहे."

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. मसाला गल्लीतून मिरच्यांचं पोतं घेऊन मी निघाले होते. चंदूनं ते माझ्याकडून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि चार पावलांत शिंकायला लागला.

"मंजुळा, एनं बीला एक विचारायचं ठरवलंय."

"काय?"

"तू माझ्याशी ल—" शिंक. "लग्न—" पुन्हा शिंक.

"प्रस्ताव अर्धवट आहे. असा ग्राह्य धरत नाहीत."

त्यानं पोतं रस्त्याच्या कडेला ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मसाला कांडणाऱ्या डंकांची धडधड चालू होती, हवेत हळदीचा नि धण्यांचा वास भरला होता. तो म्हणाला, "ए-बी राहू दे. मी आणि तू. करशील माझ्याशी लग्न?"

माझे तळहात मिरचीनं आधीच जळत होते, आता कानही जळायला लागले. हो म्हणायला मला काहीच वेळ लागला नसता. पण मी त्याला बाबांना दिलेल्या शब्दाचं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरायच्या ऐवजी उजळला. "कलम सव्वीस. सज्ञान माणसाला लग्नाची आडकाठी करणारा करार रद्दबातल. तूच शिकवलंस मला."

"बापाच्या हातावर हात ठेवून दिलेला शब्द आहे. त्यांना कलम दाखवू?"

"बरं, मग दुसरं. करार ज्या घटनेवर अवलंबून आहे ती अशक्य झाली की करार संपतो. आणि संप मिटणं आता—"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. पटकन, विचार न करता... मिरचीचा हात.

"ते वाक्य पुरं करायचं नाही," मी म्हटलं. "माझ्यासमोर नाही, आणि बाबांसमोर तर मुळीच नाही. ते एकच वाक्य त्यांना कुणी म्हणू नये म्हणून ते रोज दाढी करतात."

चंदूनं बाहीनं ओठ पुसले. मग हळूच म्हणाला, "समजलं. पण ओठ फार जळतायत गं."

"सॉरी."

"असू दे. हात ठेवलास ना."

थोड्या दिवसांनी त्याची आई मला परळच्या बाजारात भेटली. सोनूबाई. केसांत अबोलीची वेणी, समोर पाटीत पापलेटं, नजर अशी की माशाच्या आधी माणसाचा ताजेपणा ओळखेल.

"माज्या पोराचे डोले जालनारी ती तूच का गो?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

"मग कवा येतंस घरान? धाकट्याचं जमवून ठेवलंय, पन थोरला उभा हाय तवर त्याचं कसा करू? पोरीकरचे लोक किती थांबतील? या वैशाखान तुमचा नाय झाला, तर चंदूला मी बघेन ती पोर." मग आवाज उतरवून म्हणाली, "माजा काय नाय गो, तू पसंत हायेस. पन मना पन माज्या धाकट्याचं तोंड बघावं लागतं."

चूक तिची नव्हती. घरी येऊन मी मिरच्या खुडायला बसले. बाबांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता. संप हरला असं त्यांच्या तोंडून वदवायचंही नव्हतं. आणि चंदूला सोडायचं नव्हतं, ते तर नव्हतंच. तिन्ही गोष्टी मी मनाशी पक्क्या केल्या, आणि मग वाट सापडेपर्यंत हात थांबवले नाहीत.

वाट सापडली तेव्हा चंदू म्हणाला, "मीही येतो तुझ्याबरोबर."

"नको. दोन पक्षांचं बोलणं आहे. तू सी आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर गेटवर गेले. त्यांनी चहा दोन सांगितले.

"बाबा, एक करार बदलून हवाय."

"कुठला?"

"संप मिटेपर्यंत लग्न नाही, तो."

ते गेटकडे बघत राहिले. "मोडायचाय?"

"मोडायचा असता तर तुम्हाला विचारलं नसतं. बदलायचाय. दोन्ही पक्ष राजी असले की जुन्याच्या जागी नवा करार करता येतो. मग जुना कुणी मोडला असं होत नाही."

"हे मला शिकवतेस?" बाबा म्हणाले. "तुझ्या जन्माआधीपासून युनियनमध्ये करार बघतोय मी." त्यांनी ग्लास हातात फिरवला. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात विचारलं, "नव्या करारात संपाचं काय?"

याच प्रश्नाची मला भीती होती.

"नव्यात संपाचं नावच नाही. संप त्याच्या जागी चालू. माझं लग्न माझ्या जागी."

चहावर साय धरली. गेटमधून दोन-चार माणसं आत गेली, बाबांना बघून त्यांनी माना वळवल्या. घाई केली तर सगळं हातचं जाईल हे मला कळत होतं.

"माझ्या मागण्या आहेत," अखेर बाबा म्हणाले, आणि जरा ताठ झाले. मीटिंगमध्ये व्हायचे तसे. "शेवटचा पेपर झाल्याशिवाय हळद नाही."

"मान्य."

"पुढे वकिलीचं शिकायचं. सासरी कोण काय बोललं म्हणून सोडायचं नाही."

"ही मागणी माझीच आहे."

"मग दोघांची धर. आणि पत्रिकेतला मजकूर मी सांगेन तो."

"काय सांगणार?"

"बापावर विश्वास नाही?"

"कायदा शिकलेय, बाबा. मजकूर न बघता मान्य म्हणत नाही."

ते हसले. किती दिवसांनी, कुणास ठाऊक. मग त्यांनी माझ्या कानात मजकूर सांगितला आणि मी नुसती मान हलवली.

"मुलगा कोण?"

"चंदू. वरळी कोळीवाड्याचा."

"डोळ्यांत मिरची गेली होती तोच?"

"तोच."

"कोळी." ते जरा थांबले. "आपण मासे खाणारे, ते आणणारे. भावकीतले बोलतील चार दिवस. बोलू देत." मग हनुवटीनं रस्त्यापलीकडे खूण केली. "तिकडे टपरीआड कोण उभा आहे मघापासून? चष्मा पुसून पुसून काच झिजवली त्यानं."

मी वळून बघितलं. "तो... सी."

"कोण?"

"मी येऊ नको म्हटलं होतं त्याला."

"आलाय तर बोलाव," बाबा म्हणाले. "आणि चहावाल्याला अजून एक सांग."

पत्रिका छापणारा आधी ऐकेना, असं कुणी छापत नाही म्हणाला. बाबा त्याच्या प्रेसच्या दारात उभे राहिले. कुठल्याही दारात उभं राहायची त्यांना आता सवय झाली होती. शेवटी छापली. सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: गिरणी संप चालू असल्याने आहेर स्वीकारला जाणार नाही.

वैशाखात चाळीच्या चौकात मांडव पडला. सोनूबाईनं कोळीवाड्यातून एवढ्या बायका आणल्या की खालचा मजला अबोलीनं भरून गेला. आणि जे आत कामावर गेले होते, ज्यांच्याशी बाबा दोन वर्षं बोलत नव्हते, तेही आले. बायकापोरांना पुढे करून, स्वतः मागे. पंगतीत बाबांनी त्यांना स्वतःच्या हातानं वाढलं. "घे रे लहू, लाजतोस काय," एवढंच म्हणाले. लहूकाका पानात बघून जेवत राहिले.

परवा आमच्या मुलीला, शांतीला, बालवाडीत बाईंनी विचारलं, आजोबा काय करतात. शांती म्हणाली, "संपावर आहेत." बाईंनी मला दारात गाठलं. "अहो, अजून?"

"अजून," मी म्हटलं. "कुणी मागे घेतलाय?"

आजोबांनी हे ऐकलं आणि नातीला खांद्यावर घेऊन चाळीच्या सगळ्या मजल्यांवर फिरवून आणली.

आता घरात मिरच्या नाहीत. मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शांतीला निजवून मी अभ्यासाला बसते, चंदू प्रश्न विचारायला समोर बसतो. अजूनही माझं पुस्तक हातात घेतलं की तो आधी चष्मा काढून बाजूला ठेवतो, माझ्याकडे बघतो, आणि उघडायच्या आधी पानांवर हळूच फुंकर मारतो.