साबणावरून घसरलेला नायक

खोलीत खुर्च्या अकरा होत्या. टेबल एक, त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली घडी घातलेलं वर्तमानपत्र. खिडक्या दोन, त्यांतली उघडणारी एक. भिंतीवर एक घड्याळ, सात मिनिटं पुढे. आणि माणसं, शिकवणाऱ्या बाई धरून, बारा.

ती आणि तो दारातून एकदमच आत आले आणि दोघांचीही नजर उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर गेली.

“बसा ना,” तो म्हणाला.

“नको, तुम्ही बसा.”

“मी दिवसभर उभाच असतो. सवय आहे.”

“मीही उभीच असते.”

“मग कठीण आहे,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “आता खुर्चीलाच विचारायला हवं.”

“आधी बसा, मग भांडा!” बाई टेबलामागून ओरडल्या. त्याने कोपऱ्यातली पुस्तकं काढायची शिडी ओढली आणि तिच्या दुसऱ्या पायरीवर ऐटीत बसला. त्यामुळे पहिला तासभर त्याचं डोकं सगळ्यांच्या वर होतं, आणि तिला जेव्हा जेव्हा बाईंकडे बघायचं असे तेव्हा तेव्हा वाटेत ते दिसे.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हा शनिवारचा लेखनवर्ग मोठ्या माणसांसाठी होता. बाईंची हयात छापखान्यात इतरांच्या चुका दुरुस्त करण्यात गेली होती. “मला नावं लक्षात राहत नाहीत, धंदे राहतात,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं आणि सगळ्यांचं बारसं केलं. कपडे शिवणाऱ्या त्या शिवणकाकू. बँकेत काम करणारा उंच, सडपातळ तरुण, तो बँकवाले. शिडीवर बसलेला बुटका, चष्मेवाला दंतवैद्य, तो दातवाले. ती शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायची. ती झाली पाणीवाली.

वर्गाला ती आली वहिनीमुळे. भावाच्या वाढदिवसाच्या कार्डावर तिने लिहिलं होतं, ‘शुभेच्छा. तब्येत चांगली आहे, तशीच राहावी.’ ते वाचून वहिनी म्हणाली, “वन्सं, हे कार्ड आहे की तपासणीचा दाखला?” चेष्टा करायची असली की वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणायची.

वहिनीचं खोटं नव्हतं. ‘नदी’ या विषयावर तिने लिहिलं, ‘नदी गढूळ होती. गढूळपणा चौदा एकक. काल अकरा होता.’

“नदीला काय झालं ते कळलं,” बाई म्हणाल्या. “नदी बघून तुला काय झालं, ते कधी लिहिणार?”

आणि दातवाल्यांनी चंद्रावर लिहिलं होतं. मोठ्या हौसेने. त्यांच्या पानावर चंद्र एक आणि त्याला विशेषणं सतरा.

“दातवाले, या चंद्राला विशेषणांची कीड लागलीय,” बाई म्हणाल्या. “उपटा.”

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर खालच्या चहाच्या टपरीवर तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. कप त्याने दोन्ही हातांत धरला होता, पाखरू धरावं तसा.

“एक सौदा करू या का? माझ्याकडे विशेषणं फार झालीत. ती तुम्ही घ्या. तुमचे आकडे मला द्या.”

“माझे आकडे खरे असतात.”

“म्हणजे माझी विशेषणं खोटी?”

“तपासलेली नाहीत,” ती म्हणाली.

तो इतका मोकळा हसला की टपरीवाल्यानेही वळून पाहिलं. ती हसली ती ओठ मिटून. दंतवैद्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे…

“तसं नका हसू,” तो म्हणाला. “मी शनिवारी दात बघत नाही.”

“मग काय बघता?”

त्याने चहाचा घोट घेतला. जरा लांबच घोट होता तो. “शनिवार असला की… बघावंसं बरंच असतं,” एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ते तिने टिपलं. टिपणं हे तिचं कामच होतं.

मग दर शनिवारी टपरी आली. तो तिला विचारायचा, “वारा होता, हे ठीक. पण कसा होता?” ती डोळे मिटून आठवायची आणि म्हणायची, “कुणीतरी पान उलटतंय असा.” तो टेबलावर मूठ आपटायचा, “हे! हेच लिहा!” त्याच्या चंद्राची सतरा विशेषणं हळूहळू दोनवर आली. तिच्या नदीला आता काठही होता, आणि काठावर तिचं आजारी लहानपणही होतं.

फक्त एक अडचण होती. वर्ग होता आठ शनिवारांचा. पुढे वरची खोली वाचनालयाला पुस्तकं ठेवायला हवी होती. नववा शनिवार नव्हता. आणि नववा शनिवार नसेल, तर त्याला भेटायचं कुठल्या निमित्ताने?

“जा ना दवाखान्यात,” वहिनी म्हणाली. “दाढ दुखतेय म्हणून सांग.”

“माझ्या सगळ्या दाढा उत्तम आहेत.”

“आँ कर बघू.” वहिनीने खरंच दिव्याखाली नेऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “एकही कीड नाही! इतकं फुटकं नशीब मी कुणाचं पाहिलं नाही गं बाई.”

सहाव्या शनिवारी बाईंनी त्यांचा आवडता खेळ काढला. प्रत्येकाने अर्धी कथा लिहायची. कागदावर नाव घालायचं नाही. सगळे कागद पिशवीत टाकायचे, एकेकाने एकेक उचलायचा, घरी नेऊन कथा पुरी करायची आणि पुढच्या वेळी वाचून दाखवायची. मूळ लेखकाने वाचन चालू असताना आणि त्यावर बोलणं चालू असताना अवाक्षर काढायचं नाही. शेवटी फक्त ‘आभारी आहे’ म्हणायचं.

“आणि खरं माणूस कथेत आणायचं असेल,” बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तर त्याच्या तीन गोष्टी बदला. नाहीतर लोक ओळखतात आणि माझ्या वर्गात मारामाऱ्या होतात.”

तिने खरं माणूस आणलं. नियम तिने प्रयोगशाळेतल्यासारखाच पाळला, ना एक कमी, ना एक जास्त. बुटका होता, उंच केला. चष्मा होता, काढून टाकला. दंतवैद्य होता, बँकेत चिकटवला. बाकी सगळं तसंच ठेवलं. खुर्चीशी बोलणं, कप दोन्ही हातांत धरणं… आणि एक वाक्य, जे लिहिताना तिचा हात थोडा थांबला होता, ‘तो हसला की तिला काही मोजायचं सुचत नसे.’ कथा तिने जिथे तोडली, तिथे नायिका त्याला मनातलं सांगायला निघाली होती.

इतरांना कळणार नाही, तिने हिशेब केला. त्याला मात्र कळेल.

पिशवी फिरली. त्याने हात घातला आणि चौकटी आखलेला एक कागद बाहेर काढला. तसला कागद फक्त तिच्या प्रयोगशाळेत मिळायचा. तिने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली आणि बराच वेळ पाहत राहिली.

तो आठवडा मुंगीच्या पावलांनी गेला.

सातव्या शनिवारी तो वाचायला उभा राहिला. तिची वाक्यं त्याच्या आवाजात आली, सावकाश, एकेक शब्द तोलून. ‘मोजायचं सुचत नसे’ला त्याचा आवाज किंचित अडखळला. तिने पदराशी… छे, पदर कुठला, ओढणीच्या टोकाशी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

मग त्याचा भाग सुरू झाला.

‘त्याच सकाळी तो उंच, सडपातळ आणि उगाचच देखणा माणूस न्हाणीघरात साबणाच्या वडीवर पाय पडून घसरला आणि जागच्या जागी गेला. तिने दोन दिवस शोक केला. तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं.’

संपलं.

सगळा वर्ग हसत सुटला. बँकवाले तर डोळे पुसत होते.

“अहो, निदान दोन दिवस तापाने तरी पाडायचा!” शिवणकाकू म्हणाल्या. “साबणाने काय मारताय!”

“दातवाले,” बाई म्हणाल्या, “नायकाला तुम्ही भूल न देताच उपटलात. कथेची काय गरज होती ही?”

“मला तो पटला नाही,” तो खाली बघत म्हणाला. “अशा माणसापाशी ती सुखी नसती झाली.”

लेखकाने अवाक्षर काढायचं नव्हतं. तिने काढलं नाही. शेवटी बाईंनी मान हलवली तेव्हा ती म्हणाली, “आभारी आहे,” आणि वर्ग सुटताच टपरीकडे न बघता चालू लागली.

घरी वहिनी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं.

“त्याने स्वतःलाच मारलं, वहिनी. अशा माणसापाशी ती सुखी झाली नसती, असंही म्हणाला. नाही म्हणायची सभ्य रीत आहे ही. दोन दिवस रड, तिसऱ्या दिवशी कामाला लाग.”

“किंवा त्याला कळलंच नसेल.”

“कसं नाही कळणार? मी तीनच गोष्टी बदलल्या होत्या.”

“मठ्ठ असेल.”

“दंतवैद्य आहे गं तो.”

“म्हणून काय झालं? तुझा भाऊ इंजिनियर आहे,” वहिनी म्हणाली आणि चादरीचं टोक तिच्या हातातून ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं नाही. चौथ्याही नाही.

आठव्या शनिवारी ती वर्गाला गेली नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला होता, धरणातून येणारं पाणी लाल झालं होतं, आणि तिने सुट्टी असूनही काम मागून घेतलं. दर अर्ध्या तासाला नमुना घ्यायचा, गढूळपणा बघायचा, तुरटीचं प्रमाण ठरवायचं. पाण्याचं बरं असतं. तुरटी घातली की गाळ खाली बसतो.

वर्ग निम्मा झाला असेल, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात कुणीतरी खाकरलं.

तो होता. धापा टाकत होता, आणि हातात पाण्याने भरलेली बाटली होती.

“नमुना द्यायचाय.”

“कुठला?”

“दवाखान्यातल्या नळाचा.”

“तक्रार काय आहे?”

“चव लागत नाही.”

“पाण्याला चव नसतेच.”

“पाण्याची नाही म्हणत मी,” तो म्हणाला. “जेवणाची, चहाची… गेला आठवडाभर.”

प्रयोगशाळेत बाहेरच्या माणसाला बसवायची परवानगी नव्हती. तिने त्याला व्हरांड्यातल्या बाकावर नेलं, आपल्या थर्मासमधला वाफाळता चहा दोन कपांत ओतला आणि कप मध्ये ठेवले. समोर पाण्याच्या टाक्यांवर ऊन पडलं होतं.

“आज शेवटचा वर्ग आहे,” ती म्हणाली.

“तुम्ही आला नाहीत. मी अर्ध्यातून उठलो.” त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तुम्ही रागावलात. बरोबर आहे. कथा तुमची आहे हे मला पहिल्या ओळीतच कळलं होतं. त्याला मारायचा मला काही अधिकार नव्हता. मी… मी त्याला जिवंत करायला तयार आहे.”

“कुणाला?”

“बँकवाल्यांना.”

टाकीवर बसलेला एक बगळा उडाला.

“बँकवाल्यांचा इथे काय संबंध?”

“उंच. चष्मा नाही. बँकेत नोकरी. वर्गात असा दुसरा आहे कोण? तुम्ही तर सगळं नीट मोजूनमापून लिहिलं होतं.”

“बाईंनी तीन गोष्टी बदलायला सांगितल्या होत्या,” ती हळूच म्हणाली.

“हो, पण तुम्ही बदलल्या कुठे…” तो थांबला. त्याचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. “चष्मा,” तो म्हणाला.

“हो.”

“उंची.”

“हो.”

“आणि बँक म्हणजे… दवाखाना.”

“हो.”

“म्हणजे साबणावरून मीच…”

“जागच्या जागी,” ती म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. खांदे हलत होते. तो हसतोय की काय, हे तिला क्षणभर कळेना. मग त्याने मान वर केली. हसत होता, पण डोळे ओले होते.

“किती राग आला होता मला त्या माणसाचा! ‘तो हसला की तिला मोजायचं सुचत नसे.’ ते वाक्य मी घरी पुन्हा पुन्हा वाचलं. वाटलं, असं कुणीतरी कुणाबद्दल तरी लिहितंय, आणि तो मी नाही… मग समोर साबण दिसला.”

“तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं, असं का लिहिलंत?”

“मला वाटलं, लिहिलं तर होईल.”

ती हसली. ओठ न मिटता.

“ती त्याला काय सांगायला निघाली होती?” त्याने विचारलं. “तुम्ही तिथेच तोडली होती.”

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. टाक्यांकडे नाही, त्याच्याकडे बघून.

तो जरा वाट पाहत राहिला. “विशेषण?”

“लागत नाही.”

आणि ज्याच्याजवळ एका चंद्रासाठी सतरा विशेषणं होती, त्याला पहिल्यांदाच एकही सुचेना. “मलाही,” तो म्हणाला. “म्हणजे… तू. मला तू.” एवढंच. बाकावर तिचा हात होता. त्याने आपला हात जवळ नेला, थांबला… उरलेलं अंतर तिने संपवलं.

मग ते बोलत बसले. शिडीबद्दल, वहिनीबद्दल, तिच्या उत्तम दाढांबद्दल, पुढच्या शनिवारी कुठे भेटायचं त्याबद्दल. मधे पाचदा ती नमुना घ्यायला उठली आणि पाचही वेळा घाईघाईने परतली. टाक्यांवरचं ऊन सरकत भिंतीवर आलं, भिंतीवरून पायरीवर उतरलं.

ऊन गेलं तेव्हा तिचं कपांकडे लक्ष गेलं. दोन्ही काठोकाठ भरलेले होते. कोटाच्या खिशातला तापमापक तिने धुतला, आधी हवेत धरला, मग एका कपात, मग दुसऱ्या.

व्हरांडा सत्तावीस अंश. त्याचा चहा सत्तावीस. तिचा चहा सत्तावीस.