खोक्याशेजारची काळी पेटी

"बाबा, आता आणखी एक बाटली आत कोंबलीत तर डिकीच फुटेल!" लिओनोर म्हणाली.

"काही फुटत नाही! नीट लावलं की सगळं मावतं," डिकीत डोकं खुपसून अमेरिको म्हणाला. "तुम्ही पुढे व्हा. बटाट्याच्या धिरड्यांच्या गाडीपाशी ही मोठी रांग असेल. जागा धरा जा!"

लक्झेंबर्गहून शनिवारी ट्रिअरला यायचं आणि साबण न घेता परत जायचं, हे अमेरिकोच्या तत्त्वात बसत नव्हतं. सीमेपलीकडे जर्मनीत तो स्वस्त मिळतो ना! आज त्याने कपडे धुण्याच्या साबणाच्या बारा बाटल्या घेतल्या होत्या, वर्षभराचा शाम्पू घेतला होता आणि परातीएवढा एक तवाही घेतला होता. आता हे सगळं बसवायला त्याने डिकी पूर्ण रिकामी करून सामान फुटपाथवर मांडलं होतं.

"ती पेटी सांभाळून ठेव रे," झेफेरिनो आजोबा जाता जाता म्हणाले.

"बाबा, मी काय लहान आहे?"

खरं तर आजची फेरी त्या काळ्या पेटीसाठीच होती. पेटीत होता आजोबांचा कावाकीन्यू. चार तारांचा, गिटारीच्या धाकट्या भावासारखा दिसणारा. आजोबांच्या थोरल्या भावाने पोर्तुगालमधल्या त्यांच्या गावी तो स्वतःच्या हातांनी घडवला होता. तो भाऊ आता या जगात नव्हता. हिवाळ्यात वाद्याला तडा गेला आणि ट्रिअरच्या एका म्हाताऱ्या कारागिराने तीन महिने खपून तो सांधला. उद्या रविवारी लक्झेंबर्गमधल्या एश गावच्या पोर्तुगीज मंडळात आजोबा तो सगळ्यांसमोर लिओनोरच्या हाती देणार होते. मग तिने तिथल्या तिथे वाजवायचं! तेरा वर्षांची लिओनोर आठवडाभर मनातल्या मनात सूर घोकत होती.

काळ्या रोमन वेशीपाशी खरंच ही मोठी रांग होती! अमेरिको घाम पुसत येऊन पोचला तेव्हा कुठे धिरडी हातात पडली. इतक्यात बेनेदिता ओरडली, "ते बघा, ते बघा!"

बेनेदिता ही अमेरिकोच्या बहिणीची मुलगी, सुट्टीसाठी पोर्तुगालहून मामाकडे आलेली. तिने बोट दाखवलं तिकडून एक बाई पुढे लाकडी खोका बसवलेली सायकल हाकत चालली होती, आणि तिच्या डोक्यावर होती दिव्याची हिरवी, झालरीची शेड! टोपीसारखी!

"यांच्याकडे आज हीच फॅशन आहे का रे?" बेनेदिताने पटकन फोटो काढला. "आईला पाठवते."

"तिला म्हणावं, तुझ्यासाठी पण आणतोय," लिओनोरचा दहा वर्षांचा भाऊ दुआर्त तोंडभर धिरडं कोंबून म्हणाला. सगळे खळखळून हसले.

पण गाडीपाशी परत आल्यावर सगळ्यांचं हसू मावळलं. आजोबांनी म्हटलं, "जरा पेटी दे बघू, एकदा डोळे भरून बघतो." अमेरिकोने डिकी उघडली. बाटल्या होत्या, तवा होता. पेटी नव्हती!

"चोरी!" अमेरिको किंचाळला. "दिवसाढवळ्या चोरी! मी आत्ता पोलिसांत जातो!" आणि हातवारे करत तो गेलासुद्धा.

आजोबा शेजारच्या घराच्या पायरीवर मटकन बसले. त्यांच्याकडे बघून लिओनोरला रडू फुटलं.

"थांब गं, रडू नकोस," बेनेदिता म्हणाली. "चोराने डिकीचं कुलूप फोडलं का? नाही. मग पेटी आत होती तरी का?"

"बाबांनी सामान कुठे मांडलं होतं?" दुआर्तने विचारलं.

"इथेच. या खोक्याशेजारी," लिओनोर म्हणाली आणि एकदम खाली वाकली. पायरीखाली एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. आत जुन्या बरण्या आणि पाककृतींची दोन पुस्तकं. वर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जाड अक्षरांत जर्मनमध्ये काहीतरी लिहिलेलं होतं.

दुआर्तने मोठ्याने वाचलं, "हवं ते घेऊन जा. फुकट!"

लक्झेंबर्गच्या शाळेत मुलं पहिलीपासून अक्षरं जर्मनमधूनच गिरवतात. अमेरिकोचं मात्र बांधकामावर पोर्तुगीज आणि फ्रेंचवर छान भागत होतं. जर्मन पाटी दिसली की त्याची नजर आपोआप दुसरीकडे वळायची.

"म्हणजे मामाने आजोबांचा कावाकीन्यू चक्क दान करून टाकला!" बेनेदिताने कपाळावर हात मारला.

वर खिडकीत उशीवर कोपरं टेकून एक म्हातारी रस्ता न्याहाळत होती. लिओनोरने जर्मनमधून हाक मारली, "आजी! हे खोकं तुमचं का? यातलं कुणी काय नेलं, पाहिलंत का?"

"माझंच. पण मी आत सूप ढवळत होते ना! आले तर निम्मं गेलेलं. बरंच झालं म्हणा. माझ्या मावशीची ती भयंकर हिरवी शेडसुद्धा गेली!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फोटो!" तिघेही एकदम ओरडले.

बेनेदिताने फोनवरचा फोटो मोठा केला. सायकलच्या खोक्यातून काळ्या पेटीचं टोक बाहेर डोकावत होतं. आणि खोक्यावर रंगवली होती एक लाल गोगलगाय.

"गोगलगाय ना?" म्हातारी म्हणाली. "ती नदीकाठच्या बालवाडीची सायकल. आज तिथे पालक श्रमदानाला जमलेत. उजवीकडून सरळ खाली जा!"

"आजोबा, तुम्ही इथेच बसा. बाबा आले की दोघं नदीकाठच्या बालवाडीत या," लिओनोर म्हणाली आणि तिघेही सुसाट सुटले. मोझेल नदीचा काठ येईपर्यंत दुआर्तच्या बुटाची नाडी दोनदा सुटली, पण पठ्ठ्या थांबला नाही.

बालवाडीच्या अंगणात आठदहा आईबाप कामाला लागले होते. लांबलचक लाकडी कुंपणावर जुनी भांडी, झाकणं, घंट्या, डबे ठोकले होते. छोटी मुलं लाकडी चमच्यांनी ते बडवत होती. कानठळ्या बसवणारा आवाज! आणि कुंपणाच्या टोकाला एका दाढीवाल्याने कावाकीन्यू फळीवर दाबून धरला होता. दुसऱ्या हातात ड्रिल. घर्रर्र!

"थांबा!" लिओनोर जिवाच्या आकांताने ओरडली. या गोंगाटात कुणाला काय ऐकू जाणार! दुआर्तने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीतल्या सॉकेटमधून ड्रिलची पिवळी वायर निघाली होती. त्याने धाव घेतली आणि वायर खसकन उपटली. ड्रिल गप्प झालं.

"ए पोरा! हे काय चाललंय?" दाढीवाला गरजला.

"ते वाद्य आमचं आहे!" लिओनोर धापा टाकत म्हणाली. "चुकून तुमच्याकडे आलंय!"

हिरव्या शेडवाली बाई पुढे आली. तिचं नाव आनेग्रेट. "अगं, मला ते फुकटच्या खोक्यापाशी मिळालं. मला वाटलंच, इतकं सुरेख वाद्य कुणी टाकेल कसं! पण तुझंच आहे हे मी कशावरून मानू?"

"काकू, भोकातून आत बघा. आत कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय, धाकट्या झेफेरिनोसाठी. माझ्या आजोबांच्या भावाने लिहिलंय ते."

आनेग्रेटने आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली. "झेफेरिनो आहे खरं. मग वाजवूनच दाखव!"

लिओनोरने कावाकीन्यू छातीशी धरला. पहिला सूर चुकला. दुसरा बरोबर लागला, आणि मग बोटं आपोआप धावू लागली. आजोबांच्या गावच्या नाचाची धून! चिमुरडी उड्या मारायला लागली. एकीने ठेका धरला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळं कुंपण तालात वाजू लागलं!

धून संपली तेव्हा फाटकात आजोबा उभे होते. डोळे भरलेले. शेजारी अमेरिको आणि एक महिला पोलीस.

"कुठेय तो चोर?" अमेरिकोने छाती फुगवून विचारलं.

"हा काय इथे!" बेनेदिताने त्याच्याकडेच बोट दाखवलं आणि दुआर्तने खोक्याची सगळी कहाणी सांगितली. अमेरिकोचा चेहरा शेंदरासारखा लाल झाला.

पोलीस बाई पोट धरून हसल्या. "तक्रार लिहून घ्यायच्या आत तपास पुरा! तुमच्यासारखी पोरं आमच्या चौकीत हवीत!"

लिओनोरने पेटी आजोबांपुढे धरली. आजोबांनी ती घेतली नाही.

"उद्यापर्यंत थांबायला नको," ते म्हणाले. "तो आजपासूनच तुझा. माझ्या भावाने जसा घडवला, तसाच तू आज वाजवलास. आणि शाबास रे तिघांनो! तुम्ही नसता तर आज माझा भाऊ मी दुसऱ्यांदा गमावला असता."

"पण आमच्या कुंपणावरची जागा रिकामीच राहिली की!" दाढीवाला म्हणाला.

अमेरिकोने घसा खाकरला. फाटकाबाहेर लावलेल्या गाडीकडे तो गेला आणि परातीएवढा कोरा करकरीत तवा घेऊन आला. दुआर्तने वायर पुन्हा जोडली. घर्रर्र!

परतताना पेटी लिओनोरच्या मांडीवर होती, पट्टा बांधून. गाडी पुलावर आली तेव्हा नदीकाठून एक दणदणीत आवाज ऐकू आला. ठण्ण!

"तवा चांगला होता," अमेरिको हळूच म्हणाला.

"वाजतो तर फारच छान!" आजोबा म्हणाले.