ड्रोनने दिलेला नकार

तुटका ड्रोन टेबलावर पडला होता. एका पंख्याला रक्त लागलेलं होतं.

"हिनेच घात केला!" थोरला सुनेकडे बोट दाखवून ओरडला. "सख्खा भाऊ दवाखान्यात पडलाय माझा!"

"भाऊजी, तोंड सांभाळा. तो माझा नवरा आहे."

हवाई अपघातांच्या तपासनीस बाई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. ड्रोनचा कारखाना म्हाताऱ्याचा, त्याचे दोन मुलगे आणि धाकटी सून तिथंच काम करत. ड्रोनचा मेंदू म्हणजे कंट्रोलर. जमिनीवरून रेडिओने येणारे हुकूम त्याला समजावेत, यासाठीचा प्रोटोकॉल सुनेने त्यात बसवला होता. आधी ते काम थोरल्याकडे होतं. त्याला ते जमलं नाही, म्हणून म्हाताऱ्याने काढून घेतलं होतं. मैदानातल्या चाचणीत ड्रोन धाकट्या मुलाच्या अंगावर कोसळला होता.

"चाचणीच्या वेळी तुम्ही कुठे होतात?" बाईंनी थोरल्याला विचारलं.

"व्हॅनमध्ये. जादाचे रेडिओ खोक्यात भरत होतो. एकही चालू नव्हता."

"मग दोष कोडातच, हे कशावरून?"

"मोटारी हवेत बंद पडल्या, आणखी काय हवं? धड एका शब्दाला जागत नाही तो कंट्रोलर. आधी नाही म्हणतो, मग लगेच मान टाकतो! बाबांनी हिला डोक्यावर बसवलं, त्याची ही फळं."

म्हातारा कोपऱ्यात बसून ड्रोनकडे बघत होता.

बाईंनी सुनेला एकटीला बोलावलं. "तुमचा कोड चालवून दाखवा."

तिने तसाच दुसरा कंट्रोलर टेबलावर जोडला, आपण हवेत आहोत असं त्याला भासवलं आणि एका स्क्रीनवरून मोटारी बंद करायचा हुकूम दिला. स्क्रीनवर शब्द उमटला: नाकारला. शेजारी दुसरा स्क्रीन होता. त्यावर काहीच आलं नाही.

"उडताना असा हुकूम तो मानत नाही," ती म्हणाली. "आणि नकार कळतो तो फक्त हुकूम देणाऱ्याला."

"तरी बंद करायच्याच असतील तर?"

"हुकमाला सक्तीचा आकडा जोडायचा. मग ऐकतो."

"तो आकडा कुणाला ठाऊक?"

"प्रोटोकॉल वाचलेल्या कुणालाही. मलाही." तिने नजर चुकवली नाही. "रेडिओंना परवलीच्या शब्दाचं कुलूप घालू म्हटलं होतं मी. भाऊजी म्हणाले, घरातल्या घरात कुलूप कशाला?"

दवाखान्यात धाकट्याचा खांदा प्लास्टरमध्ये होता.

"ड्रोन तुम्ही उडवत होतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या स्क्रीनवर काय दिसलं?"

"उंची. मग एकदम पंखे गप्प."

"नकार आला होता?"

"कसला नकार?"

"बायको कुठे होती?"

"शेजारी. दोन्ही हातांनी माझी बाही धरून."

"मग ड्रोनखाली कसे गेलात?"

त्याने मान वळवली. "वर्षभर राबली हो ती त्याच्यासाठी. वाटलं, झेलता येईल."

बाई कारखान्यात परतल्या आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"कोडात खोट नाही. ड्रोनला हुकूम मिळाला आणि त्याने तो पाळला. हुकूम कुणाचा? उडवणाऱ्याने दिला नाही. सुनेचे हात गुंतलेले होते. उरला व्हॅनमधला रेडिओ." त्या थोरल्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, कंट्रोलर आधी नाही म्हणतो, मग मान टाकतो. ते 'नाही' तुम्हाला कुठे दिसलं?"

"ते... धाकट्याच्या स्क्रीनवर."

"त्याच्या स्क्रीनवर ते आलंच नाही. नकार फक्त हुकूम देणाऱ्यालाच दिसतो. तुम्ही साधा हुकूम दिलात, तो नाकारला गेला. मग आकडा जोडून पुन्हा दिलात. ड्रोन पडला की सून उघडी पडेल, काम पुन्हा तुमच्याकडे येईल, हा हिशेब."

थोरला ताडकन उठला. "मैदान रिकामं होतं! तो वेडा खाली धावेल, हे मला काय ठाऊक!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

सून त्याच्याकडे बघत राहिली. "वेडा म्हणू नका त्याला," एवढंच म्हणाली.

म्हातारा उठला. त्याने स्वतः पोलिसांना फोन लावला, थोरल्याचं नाव सांगितलं, गुन्हा सांगितला. पलीकडून नातं विचारलं गेलं असावं.

"बाप," तो म्हणाला. "दोघांचाही."