चार नंबरची लिफ्ट

हे लिहिणारच नव्हतो. मित्राचं प्रेम चव्हाट्यावर मांडू नये, एवढी अक्कल मलाही आहे. पण पोटात राहीना.

मित्राला आम्ही टकळी म्हणतो. तोंड सुरू झालं की थांबत नाही. रॅप करतो, ठेका मी देतो. पोटापाण्यासाठी अकरा मजली इमारतीतल्या लिफ्ट दुरुस्त करतो, तेही तात्पुरत्या नोकरीवर. जेवणाच्या सुट्टीत चार नंबरवर ‘काम चालू’ची पाटी लावायची, आत शिरायचं आणि आरशासमोर सराव.

एका दुपारी गाडी एका ओळीवर अडली.

"अकरा मजले रोज चढतो, तरी तिथल्या तिथं…"

पुढचं सुचेना. तेवढ्यात बटणांवरच्या जाळीतून मुलीचा आवाज आला, "दार उघडलं तरी विचारतो, उतरू का मी इथं?"

टकळीच्या हातातला पाना पडला.

"को… कोण?"

"कंट्रोल रूम, तळमजला. तुमचं मदतीचं बटण अडकलंय. दोन महिने सगळं ऐकू येतंय."

"दोन महिने! मग तक्रार नाही नोंदवली?"

"नोंदवली की दुरुस्त होणार. मग जेवताना मी काय ऐकू?"

दुरुस्त करणारा तोच. त्यानं पाना उचलला, बटणाकडे बघितलं… आणि पाना खिशात घातला.

मग रोज दुपारी तेच. हा म्हणायचा, ती नावं ठेवायची.

"ही ओळ बळंच जेवायला बसवलेल्या पाहुण्यासारखी वाटते हो."

"आणि कालची?"

"कालची… परत म्हणा ना."

तळमजला हाकेच्या अंतरावर, पण जाऊन बघायची याची छाती होईना.

अशात साहेबांनी कायम करायचं पत्र पुढे केलं. अट एकच — दर रविवारी ड्युटी. आणि येत्याच रविवारी टकळीचा पहिला खराखुरा कार्यक्रम. आई म्हणाली, "कायम हो रे बाबा. तोंडाची वाफ कुठे पळून जातेय?"

दुपारी तो जाळीपाशी पुटपुटला, "रॅप सोडतोय. रविवारी ड्युटी."

"ड्युटीचा तक्ता मीच लावते. सकाळी सहा ते दोन देते. कार्यक्रम पाचला ना?"

"हो, पण…" टकळी उगाच एक स्क्रू पिळत राहिला.

"नोकरी आडवी येत नाहीये तुम्हाला," ती हळूच म्हणाली, "समोरच्या माणसांची भीती येतेय. आरसा हसत नाही ना कधी…"

बरोब्बर वर्मावर बोट.

त्यानं सही केली, आणि रविवारी स्टेजवरही चढला. नेमक्या त्याच ओळीवर डोकं कोरं. मी ठेका फिरवत बसलो, घाम मला फुटला. आणि मागच्या रांगेतून आवाज, "उतरू का मी इथं?"

चष्मा, मांडीवर हेल्मेट, आणि कानापर्यंत लाल झालेली ती. टकळी हसला… मग जो सुटला! पण खाली उतरेपर्यंत ती ड्युटीला निघून गेलेली.

सोमवारी त्यानं पहिलं काय केलं, तर ते बटण दुरुस्त केलं. आता चोरून ऐकणं बंद. जाळी मुकी झाली. मग श्वास घेऊन त्यानंच बटण दाबलं.

"कंट्रोल रूम. बोला, काय अडचण?"

"अडचण अशी की… तुम्ही मला फार आवडता."

पलीकडून कागदावर पेन खरडल्याचा आवाज.

"तक्रार नोंदवली. माणूस पाठवू?"

"माणूस नको. तुम्हीच या."

"मग लिफ्ट खाली आण ना, वेड्या!"

हे सगळं लिहितोय म्हटल्यावर टकळी म्हणाला, "लिही. पण आधी तिला वाचून दाखवायचं, चार नंबरमधून."

शब्द दिलाय त्याला. उद्या जेवणाच्या सुट्टीत. बटण दाबून.